पुण्याच्या पेठांतला ‘वाडा’: शब्द एक, अर्थ दोन

पेठांना वारांची नावं कशी पडली किंवा शनिवारवाडा कुणी बांधला, हे पुणेकराला सांगायला नको. घोळ आहे तो ‘वाडा’ या शब्दाचा. सदाशिव, नारायण किंवा कसबा पेठेत एखादा वाडा उतरवला की ‘पेशवाईची आणखी एक खूण गेली’ म्हणून हळहळ होते. पण ज्या वाड्याच्या आठवणीने माणसं हळवी होतात, तो पेशवाईतला नसतोच. भिंती जुन्या असतील. आठवण मात्र भाडेकरूंच्या वाड्याची, म्हणजे विसाव्या शतकातली असते.

मूळ वाडा एका घराण्याचा. दगडी जोतं, त्यावर सागवानी खांब आणि तुळयांचा सांगाडा, मधे मातीत रचलेल्या विटा. मोठ्या दरवाज्यात दिंडी, म्हणजे ये-जा करायचा छोटा दरवाजा, आत शिरताच पहारेकऱ्यांच्या देवड्या, पुढे चौक आणि भोवती ओसरी. खोली मोजायची ती खणांत. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण. कात्रजच्या तलावाचं पाणी जमिनीखालच्या नळांतून शहरातल्या हौदांत यायचं. १८१८ नंतर दरबार गेला, उत्पन्नं आटली, वाटण्या झाल्या. मग शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी पुण्यात येणाऱ्यांना खोल्या भाड्याने जाऊ लागल्या. ओसरीला फळ्या ठोकून खोली निघाली, दोन खणांत अख्खं बिऱ्हाड मांडलं गेलं आणि एका कुटुंबाचा चौक दहा बिऱ्हाडांचा झाला. सामाईक नळावरची पहाटेची रांग, दिवाळीत चौकात पोरांनी केलेला किल्ला, एकीच्या घरची वाटी दुसरीकडे भरून जाणं, हे सगळं या बिऱ्हाडांनी घडवलं. पेठेचा स्वभाव म्हणतात तो हाच, आणि त्याचं श्रेय सरदारांपेक्षा भाडेकरूंना जास्त जातं.

हा वाडा टिकला कायद्यामुळे आणि खचलाही कायद्यामुळेच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घरांची टंचाई झाली, म्हणून १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी असलेलं भाडं हेच ‘प्रमाण भाडं’ ठरवलं. हेतू रास्त होता. त्या कायद्याचा आधार नसता तर असंख्य कारकून, शिक्षक, विद्यार्थी पेठांत राहूच शकले नसते. पण टंचाईपुरती केलेली सोय मुदतवाढीवर मुदतवाढ घेत पन्नास वर्षं चालली. भाडं गोठलं, सागवान, चुना, गवंड्याची मजुरी गोठली नाही. दुरुस्तीची जबाबदारी मालकाची, आणि सगळ्या बिऱ्हाडांचं वर्षाचं भाडं एकत्र केलं तरी एक तुळई बदलून होईना. १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ही गोठवणूक आता वाजवी राहिली नसल्याचं म्हटलं. नवा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात पागडी, म्हणजे जागा देताना भाड्याव्यतिरिक्त घेतलेली एकरकमी रक्कम, कायदेशीर झाली आणि भाड्यात वर्षाला चार टक्के वाढीची मुभा मिळाली. मूळ भाडं महिना तीस रुपये धरलं, तर पहिल्या वर्षीची वाढ एक रुपया वीस पैसे. एवढ्यात वाडा सावरणं शक्यच नव्हतं. मालकाला लोभी आणि भाडेकरूला चिवट ठरवण्यापूर्वी हा हिशेब एकदा मांडून बघावा.

मधे १२ जुलै १९६१ चा पूर येऊन गेला. पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं, आणि नदीकाठच्या पेठांत मातीत रचलेल्या भिंती पाण्याने विरघळल्या. पुरात उठलेली कितीतरी बिऱ्हाडं नव्या वसाहतींत गेली आणि परत आली नाहीत.

पुढचा गुंता जतनाच्या कायद्याचा. प्राचीन वास्तूंच्या कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीने केंद्र संरक्षित वास्तूपासून शंभर मीटरांत नवं बांधकाम पूर्ण बंद झालं आणि त्यापुढच्या दोनशे मीटरांत परवानगी लागते. शनिवारवाडा अशीच एक केंद्र संरक्षित वास्तू. मूळ वाडा १८२८ च्या आगीतच जळून गेला. राहिलेला तट, दरवाजे आणि जोती जपायलाच हवीत. पण त्या तटाभोवती माणसं राहत असलेले वाडे आहेत. ते पाडून नवं बांधता येत नाही, आणि परवानगी काढून डागडुजी करायची तर पैसा कुणाकडेच नाही.

दर पावसाळ्याआधी धोकादायक वाड्यांना नोटिसा लागतात. खोली सोडली तर हक्क जाईल म्हणून भाडेकरू हलत नाही. मालक दुरुस्तीला हात घालत नाही. नोटिशीचा कागद दिंडीवर भिजत राहतो आणि ओसरीच्या तुळईखाली आणखी एक टेकू लागतो.