ग्रॅप्टोलाइट नामशेष झालेच नव्हते

काळ्या शेल खडकाचा पापुद्रा उकलला की आत कधी कधी शिसपेन्सिलीनं ओढल्यासारखी रेघ दिसते. भिंगातून पाहा, तिच्या कडेला करवतीसारखे दाते असतात. लिनिअसनं १७३५ मध्ये जीवाश्मांचा नुसता भास होणाऱ्या खुणांसाठी ग्रॅप्टोलिथस, म्हणजे ‘लिहिलेला दगड’, हे नाव वापरलं. पुढे तेच या रेघांना चिकटलं आणि त्या ग्रॅप्टोलाइट झाल्या.

पण हा भास नव्हता. प्रत्येक दाता म्हणजे एकेका जीवाची नळी आणि अख्खी रेघ म्हणजे त्यांची वसाहत. यांतले बरेचसे समुद्रात तरंगत दूरदूर पसरले आणि त्यांच्या जाती झपाट्यानं बदलत गेल्या. त्यामुळे खडकाचं वय ठरवायला ते फार कामी येतात. चार्ल्स लॅपवर्थ या शाळामास्तरांनी स्कॉटलंडमधल्या डॉब्स लिनच्या घळीत ते थरवार गोळा केले. अवाढव्य वाटणारी थरांची जाडी मुळात थोडकीच आहे, घड्या पडून तेच थर पुन्हा पुन्हा वर आले आहेत, हे त्यांनी १८७८ मध्ये दाखवलं. सिल्युरियन कालखंडाच्या आरंभाची जागतिक प्रमाणरेषा आज त्याच घळीत आहे.

प्राणी नेमका कोणता, हे मात्र उलगडत नव्हतं. खरं तर त्याचा नातलग समुद्रातून केव्हाच वर आला होता. शेटलंड बेटांजवळ सापडलेल्या रॅब्डोप्लूरा या चिमुकल्या प्राण्याचं वर्णन प्राणिशास्त्रज्ञ ऑलमन यांनी १८६९ मध्ये केलं, पण ब्रायोझोआ, म्हणजे शेवाळासारखे दिसणारे वसाहतीतले जीव, समजून. जीव मिलिमीटरभरही नाही; पिसासारख्या दोन हातांनी अन्नकण टिपायचे आणि धक्का लागला की देठ आखडून नळीत शिरायचं. १८७६ मध्ये चॅलेंजर या संशोधन जहाजानं मॅगेलनच्या सामुद्रधुनीतून त्याचा भाऊबंद सेफॅलोडिस्कस वर काढला. प्राणिशास्त्रज्ञ हार्मर यांनी १८८७ मध्ये त्याचं नातं बॅलॅनोग्लॉसस या समुद्री किड्याशी जुळवलं. दहावीच्या विज्ञानात अर्धसमपृष्ठरज्जू संघात भेटतो, तोच हा किडा; कणा असलेल्या प्राण्यांचा दूरचा नातलग. म्हणजे शेवाळासारखा दिसणारा हा जीव आपल्याही लांबच्या नात्यातला निघाला.

मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते पोलंडच्या रोमान कोझलोव्स्की यांचं काम. त्यांनी चर्ट हा गारगोटीसारखा कठीण खडक आम्लात विरघळवून न चेपलेल्या नळ्या अलगद सुट्या केल्या. भिंत अर्ध्या कड्यांची होती: एक डावीकडून, एक उजवीकडून, आणि दोन्हींच्या सांध्यावर नागमोडी शिवण. रॅब्डोप्लूराच्या सरपटत्या नळीवरही हुबेहूब हीच शिवण असते, कारण तो डोक्याकडच्या ढालीनं स्राव लिंपत एकेक पट्टा चढवतो. युद्धानंतर, १९४९ मध्ये, त्यांचा ग्रंथ निघाला.

तरीही पुढची कित्येक वर्षं रॅब्डोप्लूरा आणि नामशेष मानलेले ग्रॅप्टोलाइट यांचे गट वेगळेच राहिले. २०१३ मध्ये चार्ल्स मिचेल आणि सहकाऱ्यांनी रचनेच्या वैशिष्ट्यांवरून वंशवृक्ष मांडला, तेव्हा रॅब्डोप्लूरा ग्रॅप्टोलाइटांच्या फांदीवरच बसला. इंग्लंडमध्ये प्लिमथजवळच्या समुद्रतळावर मेलेल्या शिंपल्यांच्या आतल्या खोलगट बाजूला त्याच्या नळ्या आजही वाढतात.