डिलिरियम (वृद्ध रुग्णांमधील)

आजारपणात किंवा शस्त्रक्रियेनंतर काही तासांत वा एक-दोन दिवसांत उद्भवणारी संभ्रमाची अवस्था. रुग्णाचे लक्ष टिकत नाही, वेळ-स्थळाचे भान सुटते, बोलणे असंबद्ध होते. सलाइनची नळी साप वाटते. सकाळी नीट बोलणारे आजोबा रात्री मुलीलाही ओळखत नाहीत. असा चढउतार ही डिलिरियमची मुख्य खूण. याउलट स्मृतिभ्रंश महिनोन्‌महिने हळूहळू वाढत जातो. मात्र तो आधीपासून असेल तर डिलिरियमचा धोका बराच वाढतो.

ओरडणारा, नळ्या उपसणारा रुग्ण सगळ्यांच्या लक्षात येतो. वृद्धांमध्ये मात्र शांत प्रकार बराच आढळतो आणि तोच निसटतो. रुग्ण निपचित पडून राहतो, घास तोंडात तसाच धरतो, प्रश्नाला उशिरा एखादा शब्द उच्चारतो. ‘थकलेत, झोपू द्या’ किंवा ‘वयच झालंय’ असे म्हणून हे सोडून देणे धोक्याचे आहे, कारण यामागे बहुधा शरीरातले काहीतरी बिघडलेले असते: न्यूमोनिया, लघवीचा संसर्ग, सोडियम घटणे, ऑक्सिजन कमी पडणे, वेदना, दारू अचानक बंद होणे. तुंबलेली लघवी किंवा बद्धकोष्ठताही पुरेशी ठरते. औषधांची यादी तर आधी तपासावी. झोपेच्या गोळ्या आणि ॲलर्जीवरची काही जुनी औषधे नेहमीचे अपराधी.

निदानासाठी अमेरिकी डॉक्टर शॅरन इनोये आणि सहकाऱ्यांनी 1990 मध्ये मांडलेली ‘कन्फ्यूजन असेसमेंट मेथड’ (संभ्रम तपासण्याची पद्धत) बरीच वापरली जाते. लक्ष पारखण्याची एक सोपी रीत म्हणजे डिसेंबरपासून उलटे महिने म्हणायला सांगणे. डिलिरियम असलेला रुग्ण नोव्हेंबरपाशीच अडखळतो किंवा प्रश्नच विसरतो. ‘हे नेहमी असे नसतात’ हे घरच्यांचे वाक्य डॉक्टरांनी गांभीर्याने घ्यायलाच हवे.

मूळ कारणावर इलाज हाच खरा उपचार. हातपाय बांधल्याने गोंधळ वाढतो. गुंगीचे औषध, रुग्णाला स्वतःपासून वा इतरांना त्याच्यापासून धोका असेल तेव्हाच, कमी मात्रेत. प्रतिबंध जास्त परिणामकारक आहे. चष्मा व श्रवणयंत्र लावणे, वेळेवर पाणी, दिवसा उजेड, रात्री अखंड झोप, लवकर चालवणे, अशा उपायांनी डिलिरियमचे प्रमाण 15 वरून 9.9 टक्क्यांवर आल्याचे इनोये यांच्याच 1999 मधील अभ्यासात दिसले.

बहुतेक रुग्ण काही दिवसांत सावरतात, पण काहींचा गोंधळ घरी गेल्यावरही आठवडे, महिने रेंगाळतो. पुढे स्मृतिभ्रंशाचा धोकाही वाढतो, म्हणून डिस्चार्ज कार्डावर ‘डिलिरियम’ अशी नोंद असावी.