हॉवर्ड क्रूझचे चार अंक

अमेरिकेतल्या क्वीअर, म्हणजे समलिंगी आणि इतर लैंगिक अल्पसंख्याकांच्या, कॉमिक्सचा विषय निघाला की हॉवर्ड क्रूझचं नाव येतं ते बहुतेकदा ‘स्टक रबर बेबी’ या त्याच्या ग्राफिक कादंबरीमुळे. कादंबरी त्या मानाची आहेच. पण माझ्या मते त्याचं जास्त दूरवर पोचलेलं काम तिच्या पंधरा वर्षं आधीचं आहे, आणि त्यात चित्रकारापेक्षा संपादक मोठा आहे. ‘गे कॉमिक्स’ या मालिकेचे पहिले चार अंक त्याने काढले. मालिका पुढे पंचवीस अंकांपर्यंत चालली, पण तिला वळण लागलं ते या चारांत.

मुळात अशा मालिकेची गरज का पडली, हे समजायला १९५४ पर्यंत मागे जावं लागतं. कॉमिक्समुळे मुलं बिघडतात अशी ओरड त्या काळात टिपेला पोचली होती. सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या आणि सरकारने हात घालण्याआधीच प्रकाशकांनी ‘कॉमिक्स कोड’ नावाची आचारसंहिता स्वतःवर लादून घेतली. ‘लैंगिक विकृती’ दाखवायलाच नव्हे, सुचवायलाही तीत मनाई होती, आणि समलैंगिकता त्या काळी त्याच खात्यात जमा होत असे. या संहितेच्या मंजुरीचा शिक्का नसलेला अंक विक्रेत्यांपर्यंत पोचणं मुश्कील. हे कलम निघालं थेट १९८९ मध्ये.

साठच्या दशकाच्या अखेरीस आलेल्या अंडरग्राउंड, म्हणजे रूढ प्रकाशकांच्या चौकटीबाहेर निघणाऱ्या, कॉमिक्सनी कोड झुगारला. चिलमी आणि पोस्टर्स विकणाऱ्या दुकानांतून ती खपत, त्यामुळे नेहमीच्या वितरकांची त्यांना पर्वा नव्हती. पण मोकळीक होती ती प्रामुख्याने पुरुषांना, त्यातही बायकांकडे ओढा असलेल्या पुरुषांना. समलिंगी पात्र आलंच तर चेष्टेपुरतं. ही कोंडी आधी फोडली ती बायकांनी, आणि पुरुष संपादकांच्या कौतुकात हे नेहमी मागे पडतं. १९७२ मध्ये ‘विमेन्स कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात ट्रिना रॉबिन्स या चित्रकर्तीने एका लेस्बियन मुलीची गोष्ट काढली. रॉबिन्स स्वतः लेस्बियन नव्हती. ही गोष्ट बाहेरून पाहणाऱ्याची आहे, आतली नाही, असं मेरी विंग्ज या लेस्बियन चित्रकर्तीला वाटलं, आणि तिने १९७३ मध्ये ‘कम आउट कॉमिक्स’ स्वतः काढून स्वतःच छापलं. पाठोपाठ १९७६ मध्ये रॉबर्टा ग्रेगरीचं ‘डायनामाइट डॅमसेल्स’ आलं. गे पुरुषांकडे तोवर या तोडीचं फारसं काही नव्हतं.

क्रूझ तेव्हा ‘बेअरफूट्झ’ काढत होता. जन्म १९४४ चा, अलाबामातला, वडील धर्मोपदेशक. गोलमटोल, गोंडस पात्रांची त्याची ही मालिका अंडरग्राउंडच्या दर्दी वाचकांना फारच गुळचट वाटे. तिच्यातला हेडरॅक नावाचा चित्रकार आपण गे असल्याचं १९७६ च्या एका अंकात सांगून टाकतो. क्रूझ स्वतः मात्र व्यवसायात तितका उघड नव्हता. जाणत्यांना कळायचं ते कळलं, बाकीच्यांसाठी ती एका पात्राची गोष्ट राहिली.

१९७९ मध्ये विस्कॉन्सिनचा प्रकाशक डेनिस किचन याने त्याला विचारलं: समलिंगी चित्रकारांचा एक अंक संपादित करशील का? किचन स्वतः समलिंगी नव्हता. त्याला हा अंक निघायला हवा असं वाटत होतं, एवढंच. क्रूझ लगेच हो म्हणाला नाही. त्याला रेखाचित्रांची व्यावसायिक कामंही मिळवायची होती, आणि अशा अंकावर एकदा संपादक म्हणून नाव छापलं की ते परत घेता येत नाही. शेवटी त्याने होकार दिला.

पुढची अडचण अशी की चित्रकार शोधायचे कुठून? कोण समलिंगी आहे हे फारसं कुणी उघड बोलत नव्हतं. अंदाजाने निवडक लोकांना पत्रं टाकली असती तर ते बोट दाखवल्यासारखं झालं असतं. म्हणून आवाहन गेलं ते अंडरग्राउंडमधल्या सगळ्यांनाच. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो.

पहिला अंक सप्टेंबर १९८० मध्ये आला. त्यात मेरी विंग्ज, ली मार्स आणि रॉबर्टा ग्रेगरी होत्या. बायका आणि पुरुष दोघांनाही जागा मिळाली पाहिजे हा क्रूझचा आग्रह होता. संपादकीयात त्याने बजावलं की इथला प्रत्येक जण फक्त स्वतःपुरतं बोलतो, कुठल्याशा काल्पनिक ‘सर्वसाधारण’ समलिंगी माणसाच्या वतीने नाही. त्याला चावट चित्रांचा अंक काढायचा नव्हता आणि चळवळीचं पत्रकही नको होतं. त्याची स्वतःची ‘बिली गोज आउट’ ही गोष्ट त्याच अंकातली: रात्री बाहेर पडलेला एक तरुण, आणि पानभर शेजारी शेजारी चालणारं त्याच्या मनातलं. १९८३ च्या चौथ्या अंकापर्यंत एड्सची भीती दाराशी आली होती. ‘सेफ सेक्स’ या गोष्टीत क्रूझने ती विनोद न सोडता मांडली.

त्यानंतर संपादन रॉबर्ट ट्रिपटोकडे आणि मग अँडी मँगेल्सकडे गेलं. मालिका १९९८ मध्ये थांबली. क्रूझ ‘द अ‍ॅडव्होकेट’ या समलिंगी नियतकालिकात ‘वेंडेल’ काढू लागला होता. १९८९ पर्यंत, मधला खंड सोडून, तिथे एका गे जोडप्याचं रोजचं जगणं वाचकांना मिळत राहिलं.

‘स्टक रबर बेबी’ १९९५ मध्ये डीसी या मोठ्या कॉमिक्स कंपनीच्या पॅराडॉक्स प्रेसने काढली. साठच्या दशकातलं दक्षिणेतलं एक काल्पनिक शहर, वंशभेदाविरुद्धचा लढा आणि स्वतःशीच खोटं बोलणारा एक गोरा तरुण. दोनशेहून अधिक पानं, आणि जवळजवळ प्रत्येक चौकट बारीक रेघांनी विणलेली. आगाऊ मिळालेले पैसे काम निम्म्यावर असतानाच संपले. मग क्रूझने अनुदानं मागितली आणि अजून न काढलेली मूळ पानं लोकांना आधीच विकून घरखर्च भागवला. स्वतंत्र चित्रकार म्हणून नाव मिळवण्याची ही दुसरी बाजू. पुस्तकाला आयस्नर आणि हार्वी हे कॉमिक्सचे दोन्ही मानाचे पुरस्कार मिळाले, पण एवढ्या लांबीची दुसरी कादंबरी त्याने काढली नाही.

अ‍ॅलिसन बेक्डेल या चित्रकर्तीने अनेकदा सांगितलंय की ‘गे कॉमिक्स’ हातात पडल्यावर आपल्या आयुष्यावर कॉमिक्स काढता येतात हे तिला उमगलं. तिची ‘डाइक्स टू वॉच आउट फॉर’ ही मालिका १९८३ मध्ये सुरू झाली. २०१० साली ‘स्टक रबर बेबी’ पुन्हा छापली गेली तेव्हा प्रस्तावना तिचीच होती. क्रूझ नोव्हेंबर २०१९ मध्ये गेला आणि कादंबरीची पंचविसाव्या वर्षाची आवृत्ती त्याच्या मागे, २०२० मध्ये निघाली.