मूर्खाला तिकडे काय म्हणतात? इंग्रजी बोलींचा शब्द-नकाशा

उत्तर इंग्लंडात, यॉर्कशर-लँकाशरच्या पट्ट्यात, सांगितलेलं ध्यानात न घेता मख्खपणे उभ्या राहणाऱ्या माणसाला ‘गॉर्मलेस’ म्हणतात. आता हा शब्द ब्रिटनभर समजतो, पण तो मूळचा तिकडचा. त्यातला ‘गॉम’ म्हणजे अवधान. तो जुन्या नॉर्स भाषेतून आला. नवव्या शतकाच्या उत्तरार्धात स्कँडिनेव्हियातले लोक इंग्लंडच्या उत्तर-पूर्व भागांत वस्तीला राहिले. त्यांची भाषा तिथून नाहीशी झाली, तरी शेजाऱ्यांच्या बोलीत तिचे शब्द उरले. स्कॉटलंडमधला ‘गाउक’ही त्याच घरचा. तो मुळात कक्कू पक्षी, म्हणजे आपल्या कोकिळेचा युरोपी नातेवाईक. आणि एप्रिल फूलच्या फजितीला तिथे ‘हंट द गाउक’ म्हणत.

वेल्समध्ये इंग्रजी बोलतानाही मठ्ठ माणसाला वेल्श भाषेतलाच ‘टुप’ लावतात. आयर्लंडचा ‘ईजिट’ म्हणजे ‘इडियट’चाच तिकडचा उच्चार, पण त्याची धार बरीच बोथट; घरच्या माणसालाही प्रेमाने म्हणता येतो.

ऑस्ट्रेलियाने पक्षी उचलले. ‘गलाह’ हा गुलाबी-राखाडी काकाकुवा. नाव तिथल्या मूळ रहिवाशांच्या युवालराय भाषेतलं. ‘ड्रोंगो’ची गोष्ट मात्र वळणाची आहे. 1920च्या दशकात या नावाचा शर्यतीचा घोडा 37 वेळा धावला आणि एकदाही जिंकला नाही. त्यावरून हा शब्द निर्बुद्ध माणसाला चिकटला. घोड्याचं नाव ज्या पक्ष्यावरून ठेवलं, त्याच कुळातला काळा कोतवाल आपल्याकडे विजेच्या तारांवर बसलेला दिसतो. घारी-कावळ्यांच्या मागे लागणाऱ्या या चलाख पक्ष्यावर हा अन्यायच झाला.

असे शब्द गोळा करणं कठीण असतं. लीड्स विद्यापीठात भाषाशास्त्रज्ञ हॅरल्ड ऑर्टन यांनी उभारलेल्या इंग्लंडातल्या बोलींच्या सर्वेक्षणात 1950 ते 1961 दरम्यान 313 ठिकाणी तेराशेहून अधिक प्रश्न विचारले गेले. पद्धत अशी, की अपेक्षित शब्द आपण उच्चारायचा नाही. वर्णन करायचं, वस्तू दाखवायची, वाक्य अर्धवट सोडायचं. शब्द आपणच सुचवला, तर समोरचा नुसता होकार देतो आणि नकाशा बिघडतो. नांगर दाखवता येतो, मूर्खपणा दाखवता येत नाही. मंद, वेंधळा, विसराळू, वेडसर या छटा एकाच प्रश्नात कोंबल्या की प्रत्येक गाव वेगळ्याच माणसाचं नाव सांगतं. म्हणून प्रसंग नेमका द्यावा लागतो: ‘तीनदा सांगूनही ज्याला कळत नाही, त्याला काय म्हणता?’ शिवाय परक्यासमोर लोक सौम्य शब्द निवडतात. त्यामुळे तो शब्द कुणाला म्हणता येतो आणि कुणाला नाही, हेही टिपावं लागतं. त्या सर्वेक्षणात बहुतेक उत्तरं खेड्यांतल्या वयस्कर माणसांची होती. ‘नम्प्टी’सारखा विसाव्या शतकाच्या अखेरीस पसरलेला स्कॉटिश शब्द तिथे शोधण्यात अर्थ नाही.

सर्वांत जास्त दमवतात ते साचे. ब्रिटनमध्ये ‘सहलीच्या शिदोरीत एक सँडविच कमी’ असं एखाद्याबद्दल म्हणतात, ऑस्ट्रेलियात ‘वरच्या कुरणात कांगारू मोकाट सुटलेत’. असे साचे बोलणारे हव्या त्या वस्तू घालून हवे तेवढे वाढवतात. तिथे साचा वेगळा आणि त्यात भरलेली वस्तू वेगळी अशी नोंद ठेवावी लागते, कारण साचा देशोदेशी फिरतो आणि प्रदेशाचा पत्ता बहुधा त्या वस्तूवरूनच लागतो.