गणित-उकल, स्वयंचलित

दिलेले गणित सोडवण्याची किंवा विधान सिद्ध करण्याची संगणकीय पद्धती. नुसती आकडेमोड यात धरत नाहीत. कोणती पायरी कधी घ्यायची हेही यंत्राने ठरवणे अपेक्षित असते.

प्रारंभ : आरंभाबाबत मतभेद आहेत. न्यूएल, सायमन व शॉ यांच्या ‘लॉजिक थिअरिस्ट’ला (सुमारे १९५५-५६) बहुधा पहिलेपणाचा मान दिला जातो. व्हाइटहेड व रसेल यांच्या ‘प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका’ या तर्कशास्त्रीय ग्रंथाच्या दुसऱ्या प्रकरणातील पहिल्या ५२ प्रमेयांपैकी ३८ या प्रोग्रामने सिद्ध केली. मात्र मार्टिन डेव्हिस यांनी १९५४ मध्येच प्रिन्स्टन येथे प्रेसबर्गर यांची निर्णयपद्धती (विधान खरे की खोटे हे ठरवणारी कृती, १९२९) संगणकावर चालवली होती. ही पद्धती फक्त बेरीज असलेल्या अंकगणितापुरती आहे. दोन सम संख्यांची बेरीज समच येते, एवढेच तिने सिद्ध केले. तरी कालक्रम पाहता अग्रक्रम डेव्हिस यांना देणे सयुक्तिक वाटते. न्यूएल-सायमन यांचे वेगळेपण अंदाजाने वाट शोधण्यात आहे. पुढे बोब्रो यांच्या ‘स्टुडंट’ या प्रोग्रामने (१९६४) इंग्रजीतील शाब्दिक उदाहरणे सोडवली. १९७६ मध्ये अ‍ॅपेल व हाकेन यांनी चतुर्वर्ण प्रमेय (कोणताही नकाशा, शेजारचे प्रदेश वेगळ्या रंगाचे ठेवून, चार रंगांत रंगवता येतो) संगणकाच्या साहाय्याने सिद्ध केले.

कापरेकर प्रक्रिया : पडताळणी आणि सिद्धता यांतला फरक दाखवायला नाशिकजवळच्या देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांचा ६१७४ हा स्थिरांक सोयीचा आहे. शोधाचे वर्ष सामान्यतः १९४९ दिले जाते. काही ठिकाणी १९५५ आढळते, ते लेख छापून आल्याचे वर्ष असावे. सर्व अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घेऊन तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत राहायचे : ५४३२−२३४५=३०८७, ८७३०−०३७८=८३५२, ८५३२−२३५८=६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत हीच संख्या येते. संगणक अशा सर्व ९,९९० संख्या (०००१ सारख्या, पुढे शून्य असलेल्याही धरून) क्षणात तपासतो. येथे नवशिके हमखास फसतात : २१११−१११२=०९९९ मधले पुढचे शून्य प्रोग्रामने टाकून दिले, तर ९९९−९९९=० होऊन सगळे गणित कोलमडते.

माणूस मात्र अंक उतरत्या क्रमाने अ, ब, क, ड धरतो. मग वजाबाकी ९९९(अ−ड)+९०(ब−क) एवढीच उरते आणि ९,९९० ऐवजी (अ−ड) व (ब−क) यांच्या ५४ जोड्या पाहिल्या की झाले. ही बचत आपणहून शोधणारा प्रोग्राम खरा गणित सोडवणारा म्हणायचा. बाकी सारी हमाली.

अलीकडील स्थिती : जुलै २०२४ मध्ये गूगल डीपमाइंडच्या अल्फाप्रूफ व अल्फाजिऑमेट्री २ या प्रणालींनी आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडच्या प्रश्नांत ४२ पैकी २८ गुण, म्हणजे रौप्यपदकाची पातळी, गाठली. पण प्रश्न माणसांनी आधी औपचारिक, म्हणजे यंत्राला काटेकोरपणे तपासता येणाऱ्या, भाषेत उतरवून दिले होते आणि काही उत्तरांना तीन दिवसांपर्यंत वेळ लागला, हे तुलना करताना ध्यानात घ्यावे. २०२५ मध्ये साध्या भाषेतील प्रश्नांवर, स्पर्धेच्याच वेळेत, ३५ गुण मिळवणाऱ्या प्रणाली आल्या.