झडप वाजते, पण बंद होते का?

पेट्रोल भरलं, किल्ली फिरवली, आणि गाडी सुरूच होईना. स्टार्टर फिरत राहतो, अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरला की इंजिन कसंबसं पकडतं, थोडा वेळ थरथरतं आणि मग सुरळीत चालू लागतं. हीच गाडी एरवी एका सेल्फमध्ये सुरू होते. अशा वेळी संशय आधी पेट्रोलमधल्या भेसळीवर जातो, मग प्लगवर, मग फ्युएल पंपावर. पण त्रास फक्त टाकी भरल्यावरच होत असेल, तर सगळ्यात आधी पर्ज व्हॉल्व्ह, म्हणजे टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारी झडप, तपासावा. मुठीत मावेल एवढी ही झडप असते.

पेट्रोल टाकीत नुसतं पडून असलं तरी त्याची वाफ होत असते. ती हवेत गेली की सूर्यप्रकाशात नायट्रोजनच्या ऑक्साइडांबरोबर अभिक्रिया होऊन जमिनीलगत ओझोन तयार होतो. लॉस एंजेलिसच्या घुसमटवणाऱ्या धुरक्यामागचं हे रसायन आरी हागेन-स्मिट यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला उलगडलं, आणि १९७०च्या मॉडेलांपासून कॅलिफोर्नियात गाड्यांना ही वाफ अडवणं सक्तीचं झालं. (डिझेल इतक्या सहजी उडत नाही, म्हणून डिझेल गाडीत ही व्यवस्था नसते.)

वाफ अडवायचं काम सक्रिय कोळशाने भरलेला डबा, म्हणजे कॅनिस्टर करतो. अशा एका ग्रॅम कोळशातल्या सूक्ष्म छिद्रांचं एकूण पृष्ठफळ हजार चौरस मीटरच्या घरात जातं, म्हणून छोट्याशा डब्यात भरपूर वाफ मुरते. पण डबा कधीतरी रिकामा करावाच लागतो. इंजिन गरम होऊन चालू असताना ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, पर्ज व्हॉल्व्ह उघडतो, इनटेक मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) निर्वात दाब कॅनिस्टरमधून ताजी हवा खेचतो, आणि कोळशातली वाफ त्या हवेबरोबर इंजिनात जाऊन जळते. किती वाफ घ्यायची हे ठरवण्यासाठी ईसीयू झडपेला सेकंदाला अनेकदा उघडझाप करायला लावतो.

वीज नसेल तेव्हा ही झडप घट्ट बंद असली पाहिजे. तपासणीचा सगळा पाया हाच. ती उघडी अडकली, तर पेट्रोल भरताना टाकीतून ढकलली जाणारी वाफ थेट इनटेकमध्ये साचते, मिश्रण गरजेपेक्षा फार रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त होतं, आणि इंजिन पेटत नाही. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर जास्त हवा आत येते, म्हणून ते पकडतं.

आता चाचण्या. बहुतेक जण झडपेला १२ व्होल्ट देतात, टिक असा आवाज आला की ती चांगली म्हणतात. माझं ठाम मत आहे की ही अर्धीच चाचणी आहे. टिक आवाज एवढंच सांगतो की झडपेतली विजेची कॉइल शाबूत आहे आणि आतला दट्ट्या हलतो. दट्ट्या परत येऊन नीट टेकला का, हे त्यातून कळत नाही. कोळशाचा एक कण बैठकीवर, म्हणजे दट्ट्या टेकतो त्या जागी, अडकला, तरी झडप टिकटिक वाजत राहते आणि गळतही राहते.

म्हणून आधी गळती बघावी. झडप काढून, वीज न देता, हाताने चालवायच्या व्हॅक्यूम पंपाने तिच्या इनटेककडच्या तोंडावर निर्वात द्या. पंपाचा काटा जागेवर थांबला पाहिजे. हळूहळू जरी उतरला, तरी झडप गळते. पंप नसेल तर स्वच्छ नळी लावून फुंकून बघता येतं, पण तोंडाने ओढू नका, पेट्रोलच्या वाफेत बेन्झीन असतं. मग १२ व्होल्ट द्या: निर्वात झटक्यात सुटला पाहिजे. ही जोडणी गाडीपासून दूर करा, कारण वायर टेकवताना उडणारी ठिणगी आणि पेट्रोलची वाफ एकत्र येता कामा नयेत.

झडप न काढताही अंदाज येतो. थंड इंजिन सुरू करून आयडलिंगवर ठेवा, कॅनिस्टरकडून येणारा पाइप झडपेवरून काढा आणि झडपेच्या मोकळ्या झालेल्या तोंडावर बोट धरा. बहुतेक गाड्यांत ईसीयू या वेळी पर्ज सुरू करत नाही, त्यामुळे ओढ जाणवता कामा नये. इंजिन गरम झाल्यावर ठोके दिल्यासारखी ओढ लागली तर ते बरोबर आहे.

कॉइलचा रोध मल्टिमीटरने मोजतात. बऱ्याच झडपांत तो साधारण १५ ते ३० ओहम भरतो, नेमका आकडा त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलाच धरावा. इथे तापमान विसरू नये. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो, म्हणजे २० अंशाला २४ ओहम असलेली कॉइल ९० अंशाला तीसच्या वर जाते. ही वाढ दोष नव्हे. मात्र काही कॉइली थंड असताना ठीक असतात आणि तापल्यावर आतून तुटतात. त्यामुळे तक्रार गरम इंजिनाची असेल, तर मोजमापही झडप गरम असतानाच घ्यावं.

गाडीचे दोष-कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी ०४४३ हा कोड दिसला तर वायर, कनेक्टर, कॉइल यांच्याकडे बघा. पी ०४९६ सांगतो की झडप बंद ठेवूनही पर्जचा प्रवाह चालू आहे, म्हणजे बहुधा ती उघडी अडकली आहे. पी ०४४१ मोघम आहे, तुंबलेला पाइपही तो कोड आणू शकतो.

नवी झडप बसवण्याआधी जुनी पांढऱ्या कागदावर उलटी धरून ठोका, पाइपही झटका. काळी पूड पडली तर कॅनिस्टर फुटून कोळसा बाहेर येतो आहे, आणि तो बदलून पाइप साफ केल्याशिवाय नवी झडपही तशीच अडकेल. नोझल आपोआप बंद झाल्यावरही टाकीत आणखी पेट्रोल ओतायची सवय असेल, तर तीही सोडावी लागेल. टाकी अशी काठोकाठ भरली की द्रव पेट्रोल कॅनिस्टरमध्ये शिरून कोळसा खराब करू शकतं.