चंद्रावरची सावली मोजायला बसलात तर

मंगळावरच्या ‘चेहऱ्या’चा फोटो पुन्हा एकदा व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. सायडोनिया भागातली ही टेकडी व्हायकिंग-१ यानाने जुलै १९७६ मध्ये टिपली. तेव्हा सूर्य क्षितिजापासून जेमतेम २० अंश वर होता, म्हणून अर्धी टेकडी अंधारात गेली. एका पिक्सेलमध्ये सुमारे ५० मीटर जमीन मावत होती. शिवाय माहिती पृथ्वीवर येताना काही ठिपके गहाळ झाले आणि त्यातला एक नेमका नाकपुडीच्या जागी पडला! २००१ मध्ये मार्स ग्लोबल सर्व्हेयरने तीच टेकडी दोन मीटरपेक्षाही बारीक पिक्सेलने टिपली, तेव्हा चेहरा गेला आणि दगडमाती उरली. हा दुसरा फोटो मात्र फॉरवर्ड करणाऱ्यांना कधी सापडत नाही.

गंमत अशी की ज्या तिरप्या उन्हाने लोकांना फसवलं, तेच ऊन मोजणाऱ्याच्या फार कामाचं असतं. त्यासाठी घरचा साधा संगणक आणि इमेजजे नावाचं मोफत सॉफ्टवेअर पुरतं. ते बनवलं अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत, सूक्ष्मदर्शकाखालच्या पेशी मोजायला. पण चित्र पेशीचं आहे की विवराचं, याच्याशी त्याला काय देणंघेणं? त्याच्या लेखी चित्र म्हणजे आकड्यांचा तक्ता.

समजा, चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या एलआरओ यानाची प्रतिमा उघडली आणि तिचा पिक्सेल अर्ध्या मीटरचा आहे. ‘सेट स्केल’मध्ये हे प्रमाण भरायचं. मग विवराच्या काठापासून सावलीच्या टोकापर्यंत, सूर्यकिरणांच्याच दिशेने, सरळ रेघ ओढायची. रेघ १८० पिक्सेल भरली, तर सावली ९० मीटर. सूर्य क्षितिजापासून २० अंश वर असेल तर खोली = ९० × टॅन २०°, म्हणजे सुमारे ३३ मीटर. दहावीची त्रिकोणमिती, बस्स.

इथे एक फसगत होऊ शकते. प्रतिमेसोबतच्या माहितीत बहुधा ‘आपाती कोन’ दिलेला असतो आणि तो डोक्यावरच्या उभ्या रेषेपासून मोजतात. तिथे ७० लिहिलं असेल तर सूर्य २० अंशांवर. ७० तसाच सूत्रात घातला की तुमचं विवर २४७ मीटर खोल होतं.

सावली संपते कुठे, हेही डोळ्यांनी ठरवू नये. ‘प्लॉट प्रोफाइल’ दाबलं की रेघेवरच्या प्रत्येक पिक्सेलच्या उजेडाचा आलेख येतो. सावलीत तो तळाला असतो, उन्हात वर चढतो. त्या चढाच्या मध्यावर कड धरायची. चढ उभा नसतो, कारण सूर्य म्हणजे बिंदू नव्हे. चंद्रावरून त्याची तबकडी सुमारे अर्धा अंश रुंद दिसते. सूर्य ६ अंशांवर असताना तबकडीच्या वरच्या कडेने पडणारी सावली आणि खालच्या कडेने पडणारी सावली यांत, मीटरभर उंच दगडासाठी, जवळपास ८० सेंटिमीटरचा फरक पडतो. तेवढा पट्टा धूसर राहणारच.

हे ६ अंश मुद्दाम घेतले. सप्टेंबर २०१९ मध्ये विक्रम लँडर कोसळल्यावर एलआरओने घेतलेल्या पहिल्या चित्रांत आपाती कोन ८४ अंश होता आणि पिक्सेल १.३ मीटरचा. अशा उन्हात एक मीटरचा दगड स्वतः पिक्सेलभरही दिसत नाही, पण त्याची सावली साडेनऊ मीटर, म्हणजे सात पिक्सेल लांब पडते. म्हणून सगळी जमीन काळ्या रेघोट्यांनी भरलेली. त्या गर्दीत चेन्नईच्या षण्मुग सुब्रमण्यन यांनी जुनी आणि नवी चित्रं ताडून पाहिली आणि एकच उजळ पिक्सेल हेरला. तो होता लँडरचा तुकडा, लँडर जिथे आपटला तिथून ७५० मीटर वायव्येला. नोव्हेंबरमध्ये सूर्य १८ अंशांवर असताना ०.७ मीटर पिक्सेलची चित्रं मिळाली आणि डिसेंबरमध्ये नासाने या शोधाचं श्रेय त्यांना दिलं.

याच पिक्सेलला ‘एआय’ने गुळगुळीत केलं असतं तर? हल्ली चंद्राचे ‘सुस्पष्ट’ केलेले फोटो कौतुकाने पाठवले जातात. त्यांतला तपशील यंत्राने अंदाजाने भरलेला असतो, त्यावर रेघ ओढून काही हाती लागत नाही. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटोही मोजायला निकामी, कारण तो दाबून लहान झालेला असतो आणि पिक्सेलचा आकार, सूर्याचा कोन हे सगळं वाटेत गळून पडलेलं असतं.

सावली विवराच्या मध्यापर्यंत पोचत नसेल तर मिळणारा आकडा तळाचा नसून उताराचा असतो, तेव्हा सूर्य आणखी खाली असतानाचं चित्र शोधावं. ऊन डोक्यावर असेल तर सावलीच नाही. मग दोन वेगवेगळ्या कोनांतून घेतलेल्या प्रतिमा जुळवून उंची काढावी लागते. ते काम अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचं आयसिस आणि नासाचं एम्स स्टिरिओ पाइपलाइन ही दोन सॉफ्टवेअर मिळून करतात. दोन्ही मोफत, पण बहुतेक कारभार आज्ञा टाइप करून चालतो.